थोरांचे चष्मे

थोर माणूस गेला की त्याचा चष्मा मागे राहतो. हा बहुधा निसर्गनियमच असावा. देशातलं कुठलंही स्मारक घ्या, काचेच्या कपाटात चष्मा हा आहेच. त्याच्या शेजारी पेन, पेनाच्या शेजारी बंद पडलेलं घड्याळ, कोपऱ्यात काठी, आणि भिंतीवर फोटो. थोर माणूस बसलेला, थोर माणूस उभा, थोर माणूस परदेशी पाहुण्याशी हस्तांदोलन करताना, थोर माणूस लहान मुलाच्या गालाला हात लावताना (मूल रडण्याच्या बेतात). या सगळ्यात मला चष्म्याची फार गंमत वाटते. त्याच्या काड्या दिसतात, काचा दिसतात, नाकावर टेकायची जागा झिजलेली दिसते. फक्त त्यातून ज्यानं पाहिलं त्याला काय दिसलं, तेवढं मात्र दिसत नाही.

संताच्या मठात वीणा ठेवली की बरंचसं काम भागतं. गवयाचा तंबोरा ठेवता येतो, पैलवानाची गदा ठेवता येते. पण ज्यानं लढाईच्या दिवसांत देशाचं संरक्षण खातं सांभाळलं, त्याचं काय ठेवणार? त्याचं खरं काम म्हणजे निर्णय घेणं. आणि निर्णय हा पदार्थ काचेच्या कपाटात टिकत नाही. तो घेतला की उडून जातो, मागे फक्त निकाल राहतो. मग आपण पायातल्या चपला दारात काढून, हात मागे बांधून, माना डोलवत जे पाहतो ते नेमकं काय असतं?

हा प्रश्न मला पडला तो कराडला, यशवंतराव चव्हाणांच्या ‘विरंगुळा’ या घरात. पण मी राहणारा कनेरगाव नाक्याचा, आणि नाक्यावरच्या माणसाला असे प्रश्न का पडतात हे आधी सांगायला हवं.

आमच्या गावाच्या नावातच नाका आहे. हिंगोलीहून वाशिमला जाताना आमचं गाव लागतं. पुढे गेलं की वऱ्हाड, मागे मराठवाडा. एके काळी ही नुसती जिल्ह्याची शीव नव्हती, दोन राज्यांची हद्द होती. पलीकडे वऱ्हाडावर इंग्रजांचा अंमल, अलीकडे निजामाचं राज्य. वऱ्हाडातली जुनी माणसं आमच्या बाजूला ‘मोगलाई’ म्हणत, आणि आमच्या मुली त्यांच्याकडे दिल्या की त्यांना मोगलाईतली सून म्हणून जन्मभर ऐकून घ्यावं लागे. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य पाच दिवसांत आटोपलं, पण हद्द राहिलीच. आम्ही हैदराबाद राज्यात आणि वाशिमवाले मध्य प्रदेशात! पुढे 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही एकदमच द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि त्याच दिवशी त्या राज्याचे मुख्यमंत्री झाले यशवंतराव चव्हाण. म्हणजे ज्या दिवशी त्यांनी शपथ घेतली त्या दिवशी आमच्या नाक्यावरची हद्द पुसली गेली. त्यांना याची कल्पना असण्याचं कारण नाही. आम्ही मात्र तेव्हापासून त्यांना आपला माणूस मानतो. हद्द गेली, नाका राहिला. आता तिथे चहा मिळतो.

तर आमची यात्रा निघाली होती पंढरपूर, कोल्हापूर, नरसोबाची वाडी अशी. तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जीपमध्ये मी, आमचं कुटुंब, आमचे मेव्हणे आणि शेजारचे हवालदार. हवालदार म्हणजे पोलिसातले नव्हेत, फौजेतले. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, पण अजून बसताना सुद्धा उभं असल्यासारखे बसतात. देवाधर्माचं झाल्यावर परत येताना तेच म्हणाले, “गुरुजी, कराडवरून चाललोच हाओत तर सायबाचं घर पाहून घेऊ.” कुटुंबानं घड्याळात पाहिलं, मेव्हण्यांनी जेवणाची चौकशी केली, आणि दोघांचाही विरोध नोंदवून घेऊन जीप वळली.

आधी प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भेटतात; बाकीच्या नद्या एकमेकींना तिरक्या येऊन मिळतात, या दोघी थेट गळ्यात पडतात. तिथे यशवंतरावांची समाधी आहे. मग ‘विरंगुळा’. घर पाहिलं आणि पहिलं बरं वाटलं ते हे, की ते घरच आहे. राजवाडा असता तर हवालदार दारातच अटेन्शनमध्ये उभे राहिले असते आणि आत आलेच नसते. फोटो होते. फोटोंतून एक मोठा काळ भराभर सरकत गेला. 12 मार्च 1913 ला देवराष्ट्र्याला आजोळी जन्म, लहानपणीच वडील गेलेले, आई विठाबाईंनी ओढलेला संसार, कराडची शाळा, बेचाळीसच्या जूनमध्ये वेणूताईंशी लग्न आणि दोन महिन्यांत नवरदेव भूमिगत. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री, विरोधी पक्षनेते, उपपंतप्रधान. एका माणसानं एवढी खाती सांभाळली. आमच्या मेव्हण्यांना पोस्टातलं एक खातं सांभाळता येत नाही.

आणि मेव्हणेच सगळ्यात आधी बोलले. फोटोंवरून एक नजर फिरवून ते म्हणाले, “दाजी, माणसाच्या नशिबातच असावं लागतं बघा.”

आता हे वाक्य आपण सगळेच रोज म्हणतो. दहावीच्या निकालापासून कापसाच्या भावापर्यंत सगळीकडे ते चालतं. पण त्या घरात ते ऐकलं आणि मी अडखळलो. कारण ते खोटं आहे असं मला म्हणता येईना, आणि खरं आहे असं म्हणवेना.

1962 सालचं घ्या. चीननं ऑक्टोबरात आक्रमण केलं, आपली दाणादाण उडाली, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं, आणि नेहरूंनी मुंबईहून यशवंतरावांना बोलावलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं अख्खा महाराष्ट्र म्हणू लागला. घराघरांत बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. आमच्या आत्यानं विणलेल्या स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब होती. तो ज्या जवानाला मिळाला असेल त्यानं देशासाठी तेही सोसलं. तर सह्याद्री धावत दिल्लीला पोचला, 21 नोव्हेंबरला यशवंतरावांनी शपथ घेतली, आणि त्याच दिवशी चीननं आपण होऊन युद्ध थांबवलं! गावोगाव लोकांनी काय निष्कर्ष काढला असेल ते सांगायला नको. आमच्या नाक्यावर तर चिनी घाबरले, यात कोणालाच शंका नव्हती. खुद्द यशवंतरावांनी तसा दावा केला नाही, पण पारावरच्या माणसाला एवढी अडचण नसते.

आता मेनन यांच्याकडे पाहा. संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यांसाठी धडपडणारा हा माणूस. साताऱ्याची सैनिक शाळा ही देशातली पहिली सैनिक शाळा, ती 1961 साली निघाली तेव्हा दिल्लीत संरक्षणमंत्री मेनन होते आणि मुंबईत मुख्यमंत्री चव्हाण. त्याचं काही श्रेय मेनन यांना कोणी देतं का? बासष्टच्या बर्फात त्यांचं सगळं गाडलं गेलं. त्यांच्या चुका होत्याच, त्या नाकारायचं कारण नाही. पण चुकांपेक्षा तारखा जास्त आडव्या आल्या असं वाटतं. कोझिकोडला त्यांच्याही नावाचं संग्रहालय आहे. मी ते पाहिलेलं नाही, पण तिथेही चष्मा असणार, यावर मी चहाची पैज लावायला तयार आहे.

मग माणूस मोजायचा कशानं? निर्णयानं की निकालानं?

आमच्या नाक्यावर हा प्रश्न रोज सुटतो, म्हणजे सुटत नाही. सकाळी हिंगोलीची एसटी येते, खच्चून भरलेली. एक जण लोंबकळत चढतो, दुसरा म्हणतो मागची येऊ दे. पहिली गाडी अर्ध्या वाटेत पंक्चर होते, दुसरा मागच्या गाडीनं आरामात पोचतो. संध्याकाळी सगळं गाव म्हणतं, धीर धरणारा शहाणा. दुसऱ्या दिवशी मागची गाडी येतच नाही. संध्याकाळी तेच गाव म्हणतं, संधी साधणारा शहाणा. दोन्ही दिवशी शहाणपण टायरमध्ये होतं, माणसात नव्हतं. आपण निकालाचा चष्मा लावून निर्णयाकडे पाहतो. तो चष्मा फार स्वच्छ असतो, त्यातून सगळं ठळक दिसतं. अडचण एवढीच, की ज्याला निर्णय घ्यायचा असतो त्याच्याजवळ नेमका तोच चष्मा नसतो.

मी हे सगळं मेव्हण्यांना समजावत होतो. तेवढ्यात पाहतो तो हवालदार एका फोटोपुढे उभे. फोटो साधाच होता. ते बराच वेळ हलले नाहीत, मग म्हणाले, “मला यायनंच भरती केलं जी. त्यायले माहीत नसंल.”

झालं होतं असं, की बासष्टच्या पराभवानंतर यशवंतरावांनी जे काम केलं त्याचा फोटो निघत नाही. लष्कराची संख्या सव्वाआठ लाखांवर न्यायचं ठरलं, डोंगरात लढणाऱ्या नव्या डिव्हिजन उभ्या राहिल्या, कपडे, बूट, बंदुका, दारूगोळा, सगळ्याची जुळवाजुळव सुरू झाली. पराभवाची चौकशी झाली. तिचं सार त्यांनी 1963 साली संसदेत सांगितलं, अहवाल मात्र कपाटात राहिला. त्याच मोठ्या भरतीत आमच्या भागातला एक अठरा वर्षांचा पोरगा गेला, दोन वर्षांनी फौजेची गाडी हाकत जम्मूकडे पोचला, आणि 1 सप्टेंबर 1965 ला तो अखनूरच्या अलीकडे होता.

त्या दिवशी पहाटे पाकिस्तानी तोफा सुरू झाल्या आणि रणगाडे छांबमध्ये घुसले. अखनूरचा चिनाबवरचा पूल हातचा गेला असता तर काश्मीरकडचा मोठा रस्ता तुटला असता. दुपारी लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांकडे गेले. विमानं वापरायची परवानगी हवी होती. लक्षात घ्या, बासष्टमध्ये आपण लढाऊ विमानं वापरलीच नव्हती, आणि ती का वापरली नाहीत याचा वाद आजही चालू आहे. विमानं वापरली की लढाई वाढणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक. संध्याकाळ होत आलेली, उजेड थोडा राहिलेला. मंत्रिमंडळाच्या समितीची रीतसर बैठक होईपर्यंत यशवंतराव थांबले नाहीत. काही मिनिटांत त्यांनी होकार दिला, आणि पाच वाजून गेल्यावर पठाणकोटहून विमानं उडाली.

पुढे काय झालं ते पुस्तकात आहे. शत्रूची चाल रेटून धरली गेली, अखनूर वाचलं. निर्णय बरोबर ठरला. पण त्याच संध्याकाळी आपली चार व्हँपायर विमानं परत आली नाहीत, आणि वरून आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखू न आल्यानं आपल्याच काही गाड्यांवर मारा झाला.

“खालून इमान कोणाचं ते कळत नाही, गुरुजी,” हवालदार म्हणाले. “आमी खड्ड्यात पडलो होतो. वरून आलं ते आपलं हाये, हे मागून समजलं.”

मग मेव्हण्यांनी विचारायला नको तो प्रश्न विचारलाच. “मग हवालदार, साहेबांनी केलं ते बरोबर का चूक?”

हवालदार हसले नाहीत. म्हणाले, “बरोबरच. पण माह्या बाजूचा गेला, त्याच्या मायले हे सांगाले मी गेलो होतो. तिले बरोबर सांगता येत नाही.”

माझं सगळं तत्त्वज्ञान त्या एका वाक्यापाशी थांबलं. निकालावरून माणसाला जोखू नये, असं मी मोठ्या तोंडानं म्हणत होतो. पण निकाल ज्याच्या अंगावर पडतो तो निर्णयामागचा हेतू पाहून मरत नाही. त्याच्या आईला मंत्र्याचा हेतू शुद्ध होता एवढं पुरत नाही, आणि पुरू नये. म्हणजे नुसता निकाल धरून चालत नाही, निकाल सोडूनही चालत नाही. मग तिसरं काय उरतं?

लंडनला जमिनीखाली चर्चिलच्या युद्धकाळातल्या खोल्या आहेत. 1984 पासून त्या लोकांना पाहायला खुल्या आहेत. तिथल्या खुर्चीचे हात पाहण्यासारखे आहेत म्हणतात. बैठकीत बसल्या बसल्या चर्चिलच्या नखांनी आणि अंगठीनं लाकडावर पाडलेले ओरखडे त्यावर आहेत. मला हे ऐकून त्या माणसाबद्दल पहिल्यांदा थोडी माया वाटली. पण लगेच दुसरा विचार आला. 1943 साली बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली, तेव्हा जहाजं आणि धान्य कुठे वळवायचं हेही त्याच माणसाच्या सरकारानं ठरवलं. त्या निर्णयाचा ओरखडा त्या खुर्चीवर कुठे असेल? ओरखडा असला म्हणजे हिशेब सगळ्यांचाच ठेवला होता असं नाही. कोणाचं मरण आपल्या खात्यावर मांडायचं आणि कोणाचं मांडायचंच नाही, इथे माणूस खरा कळतो.

यशवंतरावांच्या खुर्चीवर ओरखडे असल्याचं मी ऐकलेलं नाही. ते सावध, मोजकं बोलणारे गृहस्थ. खुर्ची ओरबाडणं त्यांच्या स्वभावात नसावं. पण पासष्टच्या लढाईच्या दिवसांत ते डायरी लिहीत होते. ती राम प्रधान यांनी पुढे 2007 साली पुस्तकात प्रसिद्ध केली. दिवसभर ज्या गोष्टी ठरवल्या त्या रात्री स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवायच्या, त्याही लढाई जिंकणार की हरणार हे माहीत नसताना! हा मला ओरखड्यापेक्षा मोठा पुरावा वाटतो. निकाल लागल्यावर सगळेच आठवणी लिहितात. निकालाआधी लिहिणारा माणूस आपल्याविरुद्धचा साक्षीदार स्वतःच तयार करून ठेवतो.

आणि मला वाटतं, ते तिसरं हेच. माणसाला त्या घडीला काय माहीत होतं, त्यानं कोणाचं ऐकून घेतलं, आणि मग खाली स्वतःचं नाव घातलं की नाही. शाळेत असताना तुम्ही कोण होणार असं मास्तरांनी विचारलं, बाकीच्या पोरांनी थोरामोठ्यांची नावं लिहिली, आणि या पोरानं लिहिलं की मी यशवंतराव चव्हाण होणार. ही गोष्ट आपण पोरांना आत्मविश्वास यावा म्हणून सांगतो. मला आता ती वेगळी ऐकू येते. ज्यानं कागदावर दुसऱ्याचं नाव लिहायचं नाकारलं, त्यालाच चाळीसेक वर्षांनी कागदावर स्वतःचं नाव लिहिणं जमलं.

हे किती अवघड आहे ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे, कारण आपलं सगळं आयुष्य उलट्या दिशेनं चाललेलं असतं. एका कचेरीत माझा जमिनीचा फेरफार चार वर्षं पडून होता. कोणी नाही म्हणालं नाही, बरं का! सगळे अत्यंत सौजन्यानं म्हणत, “प्रकरण वर पाठवलंय.” मी वर गेलो तर वरचे म्हणाले, “खालून यायला पाहिजे.” प्रकरण मध्येच कुठेतरी जिन्यात राहत असावं. निर्णय चुकला तर नाव येतं, घेतलाच नाही तर काही येत नाही, हे आपल्या देशातलं सर्वात जुनं शहाणपण आहे. घरातसुद्धा मुलीच्या स्थळाला नकार द्यायचा झाला की आपण पत्रिकेवर ढकलतो. चुकलं तर गुरू-मंगळ चुकले, आपण नव्हे.

म्हणून मला वाटतं, अशा स्मारकांतून चष्मे थोडे कमी करावेत. एक मोकळी खोली ठेवावी. तीत एक साधं टेबल, एक खुर्ची, समोर भिंतीवर घड्याळ, आणि टेबलावर त्या दुपारी जेवढं माहीत होतं तेवढंच लिहिलेला एक कागद. पुढचं काही नाही. अखनूर वाचलं हे नाही, चार विमानं परतली नाहीत हेही नाही. येणाऱ्यानं बसावं, वाचावं आणि खाली हो किंवा नाही लिहून सही करावी. मग पुढच्या खोलीत जावं.

ही कल्पना मी तिथल्या तिथे बोलून दाखवली. मेव्हणे म्हणाले, “दाजी, फार छान. पण सही कशाला? बोलून सांगितलं तर नाही का चालणार?” हवालदार काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, नाकावर चढवला, आणि त्या फोटोखालची ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.